बराकीचा नंबर कोणाला मिळाला?

उल्हासनगरात पत्ता विचारला की आजही लोक बराकीचा नंबर सांगतात. 'बॅरेक नंबर इतका, रूम नंबर इतका, कॅम्प तीन.' रेशनकार्डावर तोच पत्ता, दुकानाच्या पाटीवर तोच, लग्नपत्रिकेवरही तोच. प्रत्यक्ष जाऊन पाहावे तर त्या जागी बराक नसतेच. तीन-चार मजली इमारत असते, खाली जीन्सचे किंवा फर्निचरचे दुकान आणि वर बिऱ्हाडे. एखाद्या गल्लीत मात्र अजून एखादी जुनी, बुटकी, लांबलचक शेड उभी दिसते. तिला ना कमान, ना नक्षी, ना दर्शनी दरवाजा. शहराची सुरुवात या शेडपासून झाली.

मित्रांनो, वास्तूचा इतिहास म्हटले की आपल्याकडे किल्ले, वाडे आणि देवळे यांच्यापलीकडे कोणी जात नाही. आपण आंबेडकरवादी फार तर लेण्यांपर्यंत जातो. लष्कराने घाईघाईत बांधलेल्या पत्र्या-कौलांच्या शेडचा इतिहास कोण लिहिणार? पण ही शेड राज्यसंस्थेबद्दल जे सांगते ते कोणताही वाडा सांगत नाही. सरकारच्या मनात असेल तर ते किती लोकांना, किती दिवसांत, कशाच्या आधारे छप्पर देऊ शकते, याचा पुरावा तिच्यात आहे. आणि ते छप्पर कोणाला मिळाले नाही, याचाही.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. छावणी आपल्याला परकी नाही. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला तो महूच्या लष्करी छावणीत. वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. आजोबा मालोजी सैन्यात, आईचे वडीलही सैन्यात सुभेदार. निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीला गेले, मग साताऱ्याला. दापोलीचा कॅम्प आणि साताऱ्याचा कॅम्प ही दोन्ही लष्कराची आणि लष्करी पेन्शनरांची ठिकाणे. कंपनीच्या सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते आणि त्याचा आपल्या समाजावर काय परिणाम झाला, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. गावात महारवाडा वेशीबाहेर असे. छावणीत निदान नाव हजेरीपटावर येत होते, पगार हातात पडत होता आणि पोर शाळेत बसत होते. छावणीत जात नव्हती असे मी म्हणत नाही. जातीनुसार पलटणी पाडणारे हेच इंग्रज होते. पण यादीत नाव असणे म्हणजे काय, हे आपल्या पूर्वजांना सर्वांत आधी छावणीत कळले.

१८९२च्या सुमारास महारांची भरती बंद झाली आणि ही यादी मिटली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडून टाकली. पुढची महार रेजिमेंट उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात, दुसऱ्या महायुद्धात.

त्याच युद्धाच्या काळात कल्याणजवळ एक मोठा लष्करी तळ उभारला जात होता.

जागा का निवडली हे नकाशा पाहिल्यावर कळते. कल्याण हे जंक्शन. नाशिककडून येणारी आणि पुण्याकडून येणारी रेल्वे इथे एकत्र होते आणि मुंबई बंदराकडे जाते. पाण्याला उल्हास नदी. देशभरातून आलेल्या तुकड्या इथे उतरवायच्या, जहाजाची वेळ येईपर्यंत ठेवायच्या, मग बंदरावर पाठवायच्या. म्हणूनच नाव होते कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. ट्रान्झिट म्हणजे थांबा. राहण्यासाठी हा तळ बांधलाच नव्हता.

ही गोष्ट बराकीच्या बांधणीत दिसते. एकमजली, लांब आणि सरळ रांगेत, एकीसारखी दुसरी. आत खोल्या नाहीत, एकच लांब पोकळी, तिच्यात ओळीने खाटा. स्वयंपाकाची जागा बाहेर, सर्वांची एकत्र. नळ बाहेर. संडास बाहेर, रांगेत. कारण इथे येणारा माणूस म्हणजे एक शिपाई, बायको नसलेला, मूल नसलेला, चार-आठ दिवसांचा पाहुणा. अशा दोन हजारांहून जास्त बराकी बांधल्या गेल्या. त्यांना नाव देण्याची गरज कोणाला वाटली नाही, नंबर दिले. पाच भाग पाडले, त्यांनाही नंबर, कॅम्प एक ते कॅम्प पाच.

उल्हासनगरच्या इतिहासात एक आकडा नेहमी छापला जातो. हा तळ ६,००० सैनिक आणि ३०,००० 'इतर' यांच्यासाठी होता. हे वाचून सगळे पुढे जातात. मी या 'इतर'पाशी नेहमी अडखळतो. सैनिकांच्या पाचपट असलेले हे इतर कोण, असे विचारावेसे कोणालाच का वाटत नाही? त्या काळच्या लष्करात 'फॉलोअर' नावाचा एक वर्ग असे. त्यात भिस्ती, धोबी, आचारी, न्हावी आणि मैला उचलणारा सफाई कामगार. शेवटचे काम कोणत्या जातींच्या वाट्याला येत होते हे वेगळे सांगायला नको. छावणीच्या इतिहासात रेजिमेंटांची नावे येतात. संडासांची ती लांब रांग रोज कोण साफ करत होते, त्याचे नाव येत नाही.

आणि जमीन? युद्धासाठी सरकारने या परिसरात मोठ्या प्रमाणावर जमिनी घेतल्या. जवळच्या नेवाळीला त्याच काळात धावपट्टीसाठी शेतकऱ्यांची जमीन घेतली गेली. युद्ध संपले, इंग्रज गेले, पण ती जमीन मूळ शेतकऱ्यांकडे परतली नाही. जून २०१७ मध्ये नौदलाच्या कुंपणाच्या कामावरून तिथले शेतकरी रस्त्यावर उतरले, आंदोलन पेटले, ते बातम्यांत तुम्ही पाहिले असेल. युद्ध संपून सत्तर वर्षे उलटली होती तरी २०१७ मध्ये भांडण मिटलेले नव्हते. बराक समजून घेताना तिच्याखालची जमीन विसरता येत नाही.

१९४५ मध्ये युद्ध संपले आणि तळ रिकामा होऊ लागला. शिपाई घरी गेले. महार शिपाईही घरी गेले, म्हणजे वेशीबाहेरच्या त्याच घरात.

मग आली फाळणी.

सिंधमधून हिंदूंचे येणे ऑगस्ट १९४७ नंतर वाढत गेले आणि ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाल्यावर त्याचा लोंढा झाला. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, कराची-मुंबई बोटीचा रस्ता जुना होता. लोक बोटीने मुंबईला उतरले आणि रेल्वेने कल्याणला आणले गेले. शिपायांसाठी बांधलेल्या त्या बराकींत सुमारे एक लाख माणसे कोंबली गेली. जिथे खाटांची ओळ होती तिथे आता कुटुंबे होती. एका कुटुंबाची हद्द दुसऱ्यापासून वेगळी करायची ती गोणपाट आणि जुन्या साड्या-चादरी टांगून. म्हातारी माणसे, बाळंतिणी, तरुण मुली, सगळे एकाच पोकळीत. नळावर रांग, संडासाला रांग. कालपर्यंत ज्यांचे हैदराबाद-सिंधला मोठे घर होते ते आज पडद्याआड भाकरी थापत होते.

हे दुःख खरे आहे आणि ते कमी लेखण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. एका रात्रीत गाव सोडावे लागणे म्हणजे काय, हे बहिष्कार भोगलेल्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही. सिंधी समाजाने त्या पडद्याआडून उभे राहून शहर वसवले, त्याला माझा सलाम आहे. माझा प्रश्न सिंधी माणसाला नाही. माझा प्रश्न सरकारला आहे.

सरकारने काय केले ते पाहा. बराकी दिल्या. सुरुवातीला मोफत शिधा दिला. शाळा सुरू केल्या, दवाखाने सुरू केले, धंद्यासाठी कर्जे दिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी देशाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी स्वतः आले, कोनशिला बसवली आणि लष्करी तळाचे नाव उल्हासनगर झाले. दोन वर्षांच्या आत एका रिकाम्या तळाचे शहर. पुढे १९६० मध्ये नगरपालिकाही झाली.

आता याच काळातला दुसरा कागद काढू.

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. राज्य समाजवादासाठी आपण त्याचा उल्लेख नेहमी करतो, पण त्यातले एक कलम आपल्या भाषणांत क्वचितच येते. बाबासाहेबांनी मागणी केली होती की केंद्राने एक सेटलमेंट कमिशन नेमावे, सरकारी पडीक जमीन या कमिशनच्या ताब्यात विश्वस्त म्हणून द्यावी, त्या जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती उभाराव्यात आणि त्यासाठी दरवर्षी ५ कोटी रुपये बाजूला काढावेत. ही काही अचानक सुचलेली कल्पना नव्हती. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेतही वेगळ्या वसाहतींचा ठराव झालेला होता. बाबासाहेबांचे म्हणणे सरळ होते. जोपर्यंत अस्पृश्य माणूस गावाच्या वेशीवर, गावाच्या मर्जीवर आणि गावाच्या जमिनीवर राबून जगतो तोपर्यंत मतदानाचा हक्क मिळूनही तो मोकळा होणार नाही. त्याला गावातून उठवून नव्या जागी वसवावे लागेल.

या मागणीवर तेव्हा आणि आजही एकच आक्षेप ऐकू येतो की हे अव्यवहार्य आहे. एवढी जमीन कुठून आणणार, एवढी घरे कोण बांधणार, एवढ्या लोकांना उचलून दुसरीकडे कसे नेणार? आपलेही काही विचारवंत मित्र हे कलम बाबासाहेबांचे एक स्वप्न म्हणून बाजूला ठेवतात.

पण तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. मार्च १९४७ मध्ये जे अव्यवहार्य होते ते त्याच वर्षाच्या अखेरीला कल्याणला होऊ लागले होते. जमीन सापडली, छप्पर सापडले, रेल्वे सापडली, शिधा सापडला. एकट्या कल्याणला नव्हे. मुंबईत चेंबूर आणि सायन कोळीवाडा, पुण्याजवळ पिंपरी, सगळीकडे निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे युद्धकाळात पोलंडच्या निर्वासितांसाठी बांधलेली हजारो माणसांची छावणी होती. पोलिश लोक गेल्यावर तिथेही सिंधी निर्वासित आले आणि तिचे गांधीनगर झाले. म्हणजे हे सरकारला जमत होते आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा जमत होते.

कोणी म्हणेल, फाळणी हे संकट होते, अस्पृश्यता जुनी होती, दोन्हींची तुलना कशी करता? हा युक्तिवाद मी प्रामाणिकपणे समजून घेण्याचा प्रयत्न केला. निर्वासिताला रात्री छप्पर हवे होते, हे मान्य. बराकी तयार होत्या, बांधाव्या लागल्या नाहीत, हेही मान्य. पण संकट कशाला म्हणायचे हे कोण ठरवते? पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर राहणे हे रोजचेच झाले म्हणून ते संकट राहिले नाही, असा या युक्तिवादाचा अर्थ होतो.

आणि निर्वासितांतही सगळे एका मापाने मोजले गेले का? इथे मला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका अर्धवट गोष्टीबद्दल बोलले पाहिजे. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पाकिस्तानातील आणि हैदराबाद संस्थानातील अनुसूचित जातींना उद्देशून निवेदन काढले. पाकिस्तानात अडकलेल्यांनी मिळेल त्या मार्गाने भारतात यावे, असे त्यात सांगितले होते. हे निवेदन हिंदुत्ववादी मंडळी आजकाल मोठ्या प्रेमाने पसरवतात. पण पुढच्याच महिन्यात, १८ डिसेंबर १९४७ रोजी, बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिलेले पत्र ती मंडळी पसरवत नाहीत. आपण ते पसरवले पाहिजे.

त्या पत्रात दोन्ही बाजूंची तक्रार आहे. पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना येऊ देत नव्हते, कारण घाण साफ करायला माणसे हवी होती. सिंधमध्ये सफाईचे काम अत्यावश्यक सेवा ठरवून त्या कामगारांचे जाणे रोखले गेले. भारताचे तिथले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांच्याकडे हा विषय काढला, तेव्हा हे लोक गेले तर कराचीचे रस्ते आणि संडास कोण साफ करणार, अशा अर्थाचे उत्तर मिळाल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. मुस्लिम राष्ट्र झाले, पण झाडू ज्याच्या हातात होता त्याच्याच हातात राहिला.

आता या बाजूचे पाहा. बाबासाहेब नेहरूंना सांगत होते की पूर्व पंजाबात पोहोचलेले अनुसूचित जातींचे निर्वासित सरकारी छावण्यांत राहत नाहीत, कारण छावण्यांचे अधिकारी सवर्ण निर्वासित आणि अस्पृश्य निर्वासित यांच्यात भेद करतात. मदत खात्याचा नियम मात्र असा की जो छावणीत राहतो त्यालाच शिधा आणि कपडे मिळणार. म्हणजे आधी छावणीत राहणे अशक्य करायचे आणि मग छावणीत नाही म्हणून मदत नाकारायची. हा नियम कोणत्याही जातीचे नाव घेत नाही. कागदावर तो अगदी स्वच्छ आहे. आजच्या कितीतरी सरकारी योजना अशाच स्वच्छ नियमांनी चालतात हे तुमच्या ओळखीचे असेल.

छप्पर मिळणे ही एक गोष्ट आणि ते छप्पर आपल्या नावावर होणे ही दुसरी. बराकीच्या कहाणीत ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

पाकिस्तानात काय काय मागे राहिले याचे दावे निर्वासितांकडून मागवले गेले आणि १९५० च्या कायद्याने ते तपासले गेले. मग आला विस्थापित व्यक्ती (भरपाई आणि पुनर्वसन) कायदा, १९५४. या कायद्याने भरपाईसाठी एक साठा तयार केला. पाकिस्तानात गेलेल्या मुसलमानांची इथे राहिलेली मालमत्ता त्यात आली आणि निर्वासितांसाठी असलेली सरकारी घरेही आली. ज्याचा दावा मंजूर झाला त्याला त्यातून भरपाई. अशा रीतीने कालची लष्करी बराक आज कोणाच्या तरी मालकीची रूम झाली. उल्हासनगरात आजही 'सनद' हा शब्द किती वजनाचा आहे हे तिथल्या कोणालाही विचारा.

कायद्यात लहान दाव्याला टक्केवारी जास्त आणि मोठ्या दाव्याला कमी होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण मुळात दावा कोण करू शकत होता? ज्याच्याकडे तिकडे घर होते, दुकान होते, जमीन होती तो. पश्चिम पंजाबातल्या दलित शेतमजुराचे काय? पंजाबात १९०० च्या जमीन कायद्याने शेतजमीन घेण्याचा हक्क 'शेतकरी जातीं'पुरता ठेवलेला होता आणि अस्पृश्य जाती त्या यादीत नव्हत्या. जमीन कसणारा तोच, पण कायद्याने तो शेतकरी नाही. त्याने फाळणीत सर्वस्व गमावले, पण कागदावर गमावण्यासारखे त्याच्याकडे काहीच नव्हते. सिंधच्या जमीनदारांकडे वाट्याने राबणाऱ्या मेघवाड, कोल्ही, भिल्ल कुटुंबांचीही तीच गत. त्यांतले बहुसंख्य आलेच नाहीत. आज सिंधमधल्या हिंदूंत मोठा हिस्सा याच समाजांचा आहे.

मनूच्या व्यवस्थेने अस्पृश्याला संपत्ती बाळगू दिली नाही आणि स्वतंत्र भारताच्या कायद्याने संपत्ती नव्हती म्हणून भरपाई दिली नाही. हे लिहिताना माझा हात जड होतो, कारण हा कायदा काही दुष्ट लोकांनी बसून केलेला नव्हता. तो त्या काळाच्या मानाने उदार समजला गेला.

कल्याणच्या तळाशेजारी दुसरा एक तळ ठेवून पाहिल्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. रायपूरजवळ माना येथे महायुद्धाच्या काळातला असाच एक लष्करी तळ होता. तिथे पूर्व बंगालमधून आलेले निर्वासित ठेवले गेले. हे निर्वासित बहुतांशी नमशूद्र. म्हणजे जोगेंद्रनाथ मंडल यांचा समाज. ज्या बंगालने १९४६ मध्ये बाबासाहेबांना संविधान सभेत निवडून पाठवले, त्या बंगालची ही माणसे. १९५४ चा भरपाईचा कायदा पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांसाठी होता, यांच्यासाठी नव्हता. मानाच्या तळाचे उल्हासनगर झाले नाही. तिथून माणसे दंडकारण्यात पाठवली गेली, जंगलात, ओळखीची नदी नाही की भाताचे खाचर नाही. त्यांतले काही हजार लोक १९७८ मध्ये परत निघाले आणि सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर स्वतःच्या हाताने गाव वसवू लागले. जानेवारी १९७९ मध्ये पोलिसांनी बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार केला आणि मे महिन्यात वस्ती उठवली. सरकार डाव्यांचे होते.

याच निर्वासितांपैकी काही कुटुंबे तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आजच्या गडचिरोलीत वसवली गेली. मुलचेरा, चामोर्शी भागात त्यांची गावे आहेत. ज्या नमशूद्रांना बंगालमध्ये अनुसूचित जातीचा दर्जा आहे त्यांना महाराष्ट्राच्या यादीत स्थान नाही. विदर्भातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न परका समजू नये.

पुन्हा उल्हासनगरला येऊ. बराकींची पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. पडद्याच्या जागी भिंत आली, पुढच्या मोकळ्या जागेत ओटा, ओट्यावर खोली, खोलीवर माळा, मग स्लॅब. धंदा वाढला तशी बराक आतून फुगत गेली. परवानगी कोणी विचारली नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, ८५५ इमारती बेकायदा म्हणून पुढे आल्या, पाडण्याचा आदेश झाला. तेव्हा राज्य सरकारने २००६ मध्ये खास उल्हासनगरची बेकायदा बांधकामे नियमित करण्यासाठी कायदा केला. एका शहरासाठी एक कायदा! या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, तेव्हा हा कायदा रहिवाशांच्या किती भल्याचा होता यावरही वाद होऊ शकतो. पण विधिमंडळाला निकड वाटली एवढे खरे.

त्याच शहराच्या कडेला आपली माणसे राहतात. शहाड, अंबरनाथ, उल्हासनगरचे कारखाने उभे राहिले तेव्हा कोकणातून, खानदेशातून, मराठवाड्यातून आणि विदर्भातून माणसे कामाला आली. १९७२ च्या दुष्काळाने आणखी आली. बराकी तोवर वाटून झाल्या होत्या. ही माणसे टेकडीवर चढली, वालधुनीच्या काठाला बसली, रेल्वेच्या कडेला बसली. पंचशील ध्वज लावला, बुद्धविहार बांधले, जयंती सुरू केली. त्यांच्या घराला बराक नंबर नाही. त्यांच्यासाठी दुसरी मोजपट्टी आहे, झोपडपट्टीची कट-ऑफ तारीख. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. त्या दिवसाआधी तुम्ही इथे होता याचा पुरावा आणा. विजेचे बिल नसेल, मतदार यादीत नाव नसेल, तर तुम्ही त्या दिवशी इथे नव्हताच.

दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरमध्ये. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी. म्हणजे सेटलमेंट कमिशनचीच मागणी, बाबासाहेबांनंतर त्यांच्या सहकाऱ्याने रस्त्यावर आणलेली. एकीकडे दावे मंजूर होऊन भरपाई वाटली जात होती आणि दुसरीकडे जमीन मागणारी आपली माणसे, त्यांत बाया होत्या, म्हाताऱ्या होत्या, जथ्याजथ्याने तुरुंगात जात होती. दोन्ही घटना एकाच प्रजासत्ताकातल्या, जेमतेम दहा वर्षांच्या अंतरातल्या. एक शहरांच्या इतिहासात लिहिली गेली, दुसरी फक्त आपल्या गाण्यांत राहिली.

कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ भागातल्या तरुणांना माझी एक विनंती आहे. आपल्या वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा. कोणत्या गावाहून आलात, कोणत्या साली, कोणत्या कारखान्यात किंवा कोणत्या बराकीत कामाला होतात, पहिली झोपडी कुठे टाकली, ती कितीदा पाडली, हे विचारा आणि तारखेसह लिहून घ्या. पहिले रेशनकार्ड, पहिली दंडाची पावती, पाडकामाची नोटीस, गिरणीचा पास, पत्र्याच्या पेटीत तळाशी जे असेल त्याचे फोटो काढा. बराकींची यादी सरकारी दप्तरात नंबरवार आहे. आपल्या वस्त्यांची यादी अजून त्या पेट्यांत आहे, आणि पेट्या सांभाळणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत.